कळांमध्ये सोनोग्राफी: प्रोब उचलण्याआधी प्रश्न ठरवा

कळा सुरू असलेल्या बाईला प्रोब लावण्याआधी मी माझ्या रेसिडेंटना दोन गोष्टी विचारते. नेमकं काय बघायचंय? आणि ते दिसल्यावर पुढचा निर्णय बदलणार आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर मी मशीन बाजूला ठेवायला लावते. ही तपासणी थोड्या सरावाने जमते, योग्य वेळी केली तर पुढचा निर्णय घ्यायला मदत होते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. म्हणूनच ती उगाच केलेली मला चालत नाही.

हे लिहितेय ते मुख्यतः लेबर रूममध्ये नव्याने काम सुरू करणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी. ज्यांचं बाळंतपण जवळ आलंय त्यांनीही जरूर वाचावं. आपल्याला प्रोब कशासाठी लावतायत, हे आधी माहीत असलं की त्या वेळी प्रश्न विचारता येतात.

बोटं कुठे फसतात

पिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ झालंय, पाणमोट शाबूत आहे की फुटली, पाणी स्वच्छ आहे की हिरवट, हे सगळं पी.व्ही., म्हणजे योनीमार्गातून बोटांनी केलेल्या तपासणीतच कळतं. ते बोटांचं काम आहे आणि बोटांचंच राहणार. पण दोन बाबतींत बोटांवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही: बाळाचं डोकं कुठल्या बाजूला वळलेलं आहे आणि ते खरोखर किती खाली उतरलंय.

याचं कारण साधं आहे. कळा लांबल्या की डोक्याच्या पुढच्या भागावर सूज येते, तिला आपण कॅपुट म्हणतो. कवटीची हाडंही एकमेकांवर चढतात. मग सांधे लागत नाहीत, पुढची टाळू कुठली आणि मागची कुठली ते समजत नाही आणि सूज बोटाला लागली की डोकंच खाली आलंय असं वाटतं. हाड मात्र असतं तिथेच असतं. म्हणजे ज्या बाईच्या बाबतीत निर्णय सर्वांत अवघड, तिच्याच बाबतीत बोटं सर्वांत जास्त फसतात.

2005 साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी सेन्सर बसवलेल्या नकली कटीवर (ओटीपोटाच्या हाडांच्या नमुन्यावर) ही परीक्षा घेतली होती. डोकं वर आहे, मध्ये आहे की खाली आहे, एवढंच ओळखायचं होतं. रेसिडेंटचं उत्तर सुमारे 30 टक्के वेळा चुकलं, अनुभवी डॉक्टरांचं 34 टक्के वेळा. अनुभवाने हा दोष जात नाही, हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं. 2014 साली आयर्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिमटा (फोर्सेप्स) किंवा व्हॅक्यूम (डोक्याला कप लावून बाळ ओढायचं साधन) लावण्याआधी फक्त बोटांनी तपासलं तेव्हा डोक्याची दिशा 20.2 टक्के वेळा चुकीची ठरली. सोबत सोनोग्राफी केली तेव्हा 1.6 टक्के. दिशा चुकली की व्हॅक्यूमचा कप चुकीच्या जागी बसतो, डोकं खाली वाकण्याऐवजी वर उचललं जातं आणि कप निसटतो. त्याच अभ्यासात आई आणि बाळाला झालेल्या इजांमध्ये मात्र दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. दिशा अचूक कळणं ही पहिली पायरी झाली. पुढे कप लावणारे हात आणि थांबायचं कधी हे ठरवणारं डोकं लागतंच.

कधी करायची, कधी नाही

माझ्या हिशेबाने चार प्रसंग आहेत. पहिल्या अवस्थेत, म्हणजे तोंड पूर्ण उघडेपर्यंतच्या काळात, पिशवीचं तोंड उघडणं अडलं असेल तर. तोंड पूर्ण उघडूनही डोकं खाली येत नसेल तर. व्हॅक्यूम किंवा चिमटा लावायचा विचार असेल तर, आणि इथे मी अपवाद करत नाही. चौथा प्रसंग म्हणजे बोटाला काहीतरी विचित्र लागतंय, डोकं नीट वाकलेलं नाही किंवा कपाळ-चेहरा पुढे आहे अशी शंका.

सगळं सुरळीत चाललेल्या बाईला दर दोन तासांनी प्रोब लावू नका. फ्रान्समध्येच 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एपिड्यूरल (कळांच्या वेदना कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) घेतलेल्या आणि 8 सेंटिमीटर किंवा जास्त उघडलेल्या बायकांची सरसकट सोनोग्राफी केली. त्या गटात सिझेरियनचं प्रमाण 4.9 वरून 7.8 टक्क्यांवर गेलं आणि बदल्यात फायदा काही मिळाला नाही. का झालं असेल ते कुणाही लेबर रूमवाल्याच्या लक्षात येईल. पडद्यावर डोकं उलटं वळलेलं दिसतं, डॉक्टर अस्वस्थ होतात आणि जे आपोआप फिरलं असतं त्याला वेळ मिळत नाही. सुरुवातीच्या कळांमध्ये बऱ्याच बाळांच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असते, म्हणजे डोकं पोस्टिरियर असतं. त्यातली बहुतेक पुढे स्वतःच फिरतात. जन्माच्या वेळी तसं राहिलेलं डोकं शंभरात पाच-आठच. म्हणून तीन-चार सेंटिमीटरवर प्रोब लावून आईला "बाळ उलटं बघतंय हो" असं सांगू नका. त्या वाक्याचा तिला उपयोग शून्य आणि धास्ती रात्रभर पुरते.

'अडलं' हा शब्दही जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींप्रमाणे सक्रिय कळा 5 सेंटिमीटरपासून धरायच्या, आणि तासाला एक सेंटिमीटर ही गती प्रत्येकीने गाठलीच पाहिजे असं नाही. तोंड पूर्ण उघडल्यावर पहिलटकरणीला तीन तासांपर्यंत आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या बाईला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. या मर्यादेच्या आत, बाळाचे ठोके चांगले आणि थोडी थोडी प्रगती असेल, तर बहुतेक वेळा तिच्या पाठीवर हात ठेवून थांबणं हेच काम असतं.

आणि ठोके पडून वर येत नसतील, नाळ बाहेर आली असेल, वार सुटून रक्त जात असेल, तर मशीन शोधत बसू नका. त्या वेळी एकेक मिनिट बाळाचं आहे.

तयारी

पोटाचा साधा कॉन्व्हेक्स प्रोब पुरतो. वेगळा महाग प्रोब, थ्रीडी, डॉपलर यातलं काही लागत नाही. मशीन पटकन सुरू होणारं आणि पलंगाशेजारी नेता येणारं हवं. बॅटरी चार्ज आहे का ते ड्युटी सुरू होतानाच बघून ठेवा.

बाईला सांगा, विचारा आणि तिच्या होकारासाठी कळ ओसरेपर्यंत थांबा. मी साधारण असं बोलते: "ताई, बाळाचं डोकं कुठे वळलंय ते मला नीट बघायचंय. आधी पोटावरून बघते, मग खालून, बाहेरच्या बाहेर. आत काही घालणार नाही. दुखलं तर लगेच सांगा, मी थांबते." बाहेरच्या बाहेर हे शब्द आवर्जून वापरा, कारण तोवर तिची पी.व्ही. अनेकदा झालेली असते आणि प्रोब पाहिला की ती मांड्या आवळून घेते.

लघवीची पिशवी रिकामी करा, एपिड्यूरल असेल तर कॅथेटरने. भरलेली पिशवी डोक्याला वर ढकलते आणि चित्रही बिघडवते. प्रोबवर जेल, त्यावर हातमोजा किंवा कव्हर ताणून, मधले हवेचे बुडबुडे काढून, वरून पुन्हा निर्जंतुक जेल. तपासणी झाली की कव्हर काढून प्रोब निर्जंतुक करूनच जागेवर ठेवायचा.

आणि प्रोबच्या आधी हात. पोटावरून डोक्याचे किती पंचमांश लागतात ते बघा. दोन पंचमांश किंवा जास्त डोकं वर लागत असेल तर व्हॅक्यूमचा विषय तिथेच संपतो, मग पडद्यावर काहीही दिसो.

पहिला प्रश्न: डोकं कुठे वळलंय

हे पोटावरून बघायचं. बाई उताणी, पाठ थोडी उचललेली. प्रोब आडवा धरून आधी बेंबीच्या वर बाळाचा कणा शोधा. कणा आईच्या डावीकडे आहे, उजवीकडे आहे की पुढे, हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. मग प्रोब तसाच आडवा ठेवून हळूहळू खाली आणा, जघनाच्या हाडाच्या लगेच वर, आणि थोडा खालच्या दिशेने झुकवा.

आता तीनपैकी एक चित्र दिसेल. दोन काळ्या गोल खोबण्या तुमच्याकडे बघतायत, म्हणजे डोळे वर आहेत: डोकं पोस्टिरियर. मेंदूची मधली पांढरी रेघ पडद्यावर आडवी पसरलेली आहे, म्हणजे डोकं आडवं: ट्रान्सव्हर्स. डोळे दिसत नाहीत, कवटीची गोलाई प्रोबच्या बाजूला आहे आणि मानेचा कणा तिला येऊन मिळतो, म्हणजे अँटिरियर, जे आपल्याला हवं असतं.

नोंद घड्याळाच्या भाषेत करा. जघनाचं हाड म्हणजे 12, आईची डावी बाजू म्हणजे 3. ऑक्सिपुट, म्हणजे डोक्याची मागची बाजू, अडीच ते साडेतीनच्या दरम्यान असेल तर डावं ट्रान्सव्हर्स, साडेआठ ते साडेनऊ म्हणजे उजवं ट्रान्सव्हर्स. साडेतीन ते साडेआठ हा सगळा खालचा पट्टा पोस्टिरियर, आणि उरलेला वरचा पट्टा अँटिरियर. "थोडं उजवीकडे आहे" असं लिहिलं तर पुढच्या शिफ्टला काही कळत नाही. "सात वाजता" लिहिलं की कळतं.

एक सावधगिरी. बाळाचं अंग एका बाजूला आणि डोकं दुसऱ्या बाजूला वळलेलं असू शकतं. डोकं फिरत असतानाच तुम्ही प्रोब लावला तर हमखास. म्हणून नुसता कणा बघून दिशा लिहू नका. आणि डोकं इतकं खाली गेलंय की पोटावरून चेहरा दिसतच नाही, असं झालं तर खालून बघा: प्रोब योनिद्वाराशी आडवा धरला की मेंदूची मधली रेघ दिसते. ती रेघ आईच्या पुढून-मागच्या रेषेशी किती कोन करते तो मिडलाइन अँगल. डोकं आडवं असताना तो 90 अंशांजवळ असतो आणि डोकं फिरत सरळ येत गेलं की शून्याकडे जातो. 45 अंशांच्या आत आला की डोकं बरंच खाली आलेलं असतं. पण रेघ सरळ दिसली तरी चेहरा वर की खाली हे या कोनातून कळत नाही, ते डोळे किंवा मान बघूनच ठरवा.

दुसरा प्रश्न: डोकं किती खाली आहे

इथे जास्त वेळ द्या. खरं कसब इथेच आहे.

बाईच्या मांड्या साधारण 45 अंशांत आणि गुडघे 90 अंशांत दुमडलेले असू द्या. प्रोब उभा, बाहेरच्या दोन ओठांच्या मध्ये, बरोबर मध्यरेषेवर ठेवा. पडद्यावर आधी सिम्फिसिस, म्हणजे जघनाच्या हाडांचा पुढचा सांधा, शोधायचा: लांबट, अंड्यासारखा आकार, आतून एकसारखा करडा, कडेला पांढरी किनार. त्याऐवजी एखादं झगझगीत पांढरं हाड आणि खाली काळी सावली दिसत असेल, तर प्रोब मध्यरेषेवरून बाजूला सरकलाय. दोन-चार मिलिमीटर डावी-उजवीकडे करत सावली गेली की मध्यावर आलात. सिम्फिसिस शक्यतो पडद्यावर आडवा येईल असा प्रोब झुकवा. त्याच चित्रात बाळाच्या कवटीची गोल पांढरी कडा दिसली पाहिजे.

आता दोन रेषा. पहिली सिम्फिसिसच्या लांबीतून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरी त्याच्या खालच्या टोकापासून निघून कवटीच्या कडेला जेमतेम स्पर्श करत जाणारी. या दोहोंमधला कोन म्हणजे अँगल ऑफ प्रोग्रेशन, आपण एओपी म्हणू. डोकं जसजसं खाली येतं तसतसा तो वाढतो.

नवशिक्यांची दुसरी रेषा बहुतेक वेळा सुजेला चिकटते. कवटीच्या पांढऱ्या कडेच्या बाहेर जो करडा मऊ थर दिसतो तो कॅपुट. रेषा हाडाला टेकली पाहिजे, त्या थराला नाही. कॅपुट दीड-दोन सेंटिमीटर जाड असलेल्या बाईमध्ये या एका गोष्टीने कोन कितीतरी अंशांनी फुगतो आणि बोटांची तीच चूक पडद्यावर पुन्हा होते. मोठ्या कळेत मोजू नका. कळ ओसरल्यावर चित्र गोठवा आणि मग मोजा.

स्टेशन म्हणजे डोकं कटीच्या आतल्या काट्यांच्या (इस्चियल स्पाइन) पातळीपासून किती सेंटिमीटर वर (उणे) किंवा खाली (अधिक) आहे ते. कोनाचं स्टेशनमध्ये रूपांतर पाठ असू द्या. 116 अंश म्हणजे स्टेशन शून्य. तिथून साधारण साडेदहा अंशांमागे एक सेंटिमीटर: 106 म्हणजे उणे एक, 95 म्हणजे उणे दोन, 127 म्हणजे अधिक एक, 138 म्हणजे अधिक दोन, 148 म्हणजे अधिक तीन.

दुसरं माप आणखी सोपं आहे, डोकं ते पेरिनियम (योनी आणि गुदद्वारामधला भाग) अंतर, एचपीडी. प्रोब आडवा करून योनिद्वाराच्या मागच्या कडेशी ठेवा आणि मऊ भाग आणखी दबणार नाही इथपर्यंत घट्ट दाबा. दुखता कामा नये. तिच्या चेहऱ्याकडे बघत दाबा. मग कवटीच्या बाहेरच्या हाडापासून प्रोबपर्यंतचं सर्वांत कमी अंतर मोजा. 35 ते 38 मिलिमीटर म्हणजे साधारण स्टेशन शून्य. हे अंतर सरळ रेषेत मोजलं जातं आणि बाळाची वाट वळणाची असते, हे लक्षात ठेवा. सिम्फिसिस नीट दिसत नसेल तेव्हा मी याच मापावर विसंबते. माझ्या सिस्टर एचपीडी चटकन शिकतात, कारण त्यात कोन काढायची भानगड नाही.

तिसरा प्रश्न: डोकं पुढे सरकतंय का

एकदा काढलेला आकडा म्हणजे त्या क्षणाचं चित्र. मला त्याहून जास्त माहिती देतं ते जोर लावल्यावर काय होतं ते. उभा प्रोब तसाच ठेवा आणि कळेबरोबर तिला जोर लावायला सांगा. डोकं खाली येऊन मग पडद्यावर वरच्या दिशेने वळतंय, जणू सिम्फिसिसला वळसा घालून बाहेर बघतंय, तर ते हेड-अप. व्हॅक्यूमला यश येण्याची ही चांगली खूण. त्याचा रोख खालच्याच दिशेने राहिला तर डोकं अजून कटीत वरच आहे. आणि जोर लावूनही काहीच हललं नाही तर थांबून विचार करा: तिचा जोर योग्य ठिकाणी लागतोय का? कटीतळाचे स्नायू काही बायका जोर लावताना नकळत आवळतात. पडद्यावर ते स्पष्ट दिसतं, कोन वाढण्याऐवजी कमी होतो. अशा वेळी मी पडदा तिच्याकडे वळवते. "हे बघा, हे पांढरं म्हणजे बाळाचं डोकं. आता खाली सोडा, बघा कसं पुढे येतंय." स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर जोर कसा बदलतो ते मी पुष्कळदा पाहिलंय.

मग अर्ध्या-एक तासाने पुन्हा मोजा. त्याच व्यक्तीने, त्याच स्थितीत, कळ नसताना. 112 वरून 124 झालं तर वाट बघण्याला आधार आहे. 112 चं 113 झालं तर तो फरक मोजण्यातलाही असू शकतो, त्याला प्रगती म्हणू नका.

आकड्यांवरून निर्णयाकडे

काही खुणेचे आकडे असू द्या. पहिली अवस्था लांबलेल्या पहिलटकरणींच्या 2014 मधल्या युरोपीय अभ्यासात एचपीडी 40 मिलिमीटर किंवा कमी होतं, त्यातल्या शंभरातल्या 93 जणींची प्रसूती खालून झाली. 50 पेक्षा जास्त होतं तिथे फक्त 18 जणींची. एओपी 110 किंवा जास्त असलेल्यांत सुमारे 88, आणि 100 च्या खाली असलेल्यांत 38. हा 38 चा आकडा मी मुद्दाम लक्षात आणून देते. 100 अंशांच्या खालीही दर दहांतल्या जवळजवळ चौघी खालून प्रसूत झाल्या, तेव्हा त्या एका आकड्यावर कुणालाही ऑपरेशन थिएटरमध्ये हलवायचं नसतं.

दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे तोंड पूर्ण उघडल्यावर, डोकं अँटिरियर असेल आणि कोन 120 किंवा जास्त असेल तर आपोआप किंवा व्हॅक्यूमने प्रसूती होण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या घरात. व्हॅक्यूमच्या आधी एचपीडी 35 मिलिमीटर किंवा कमी असताना सिझेरियनची वेळ 3.9 टक्के बायकांवर आली, त्याहून जास्त असताना 22 टक्के. हा अभ्यास 2017 चा. डोकं पोस्टिरियर असेल आणि अंतरही जास्त असेल तर धोका आणखी वाढतो.

एक बाई चांगली आठवते. पहिलटकरीण, एपिड्यूरल, तोंड पूर्ण उघडून दोन तास उलटलेले. रेसिडेंटने अधिक दोन स्टेशन सांगून व्हॅक्यूमचा ट्रे उघडायला घेतला होता. ठोके उत्तम होते, म्हणजे हातात वेळ होता. पोटावरून प्रोब लावला तर दोन्ही डोळे वर, ऑक्सिपुट सात वाजता. खालून बघितलं तर करड्या सुजेचा जाड थर आणि त्याच्या बरंच वर हाडाची कडा: 108 अंश, एचपीडी 46. जोर लावल्यावर दोन-तीन अंशांचाच फरक. म्हणजे अधिक दोनवर होती ती सूज, हाड उणे एकच्या आसपास. त्या डोक्यावर कप लावला असता तर तो सुजेवर आणि पुढच्या टाळूकडे बसला असता.

आम्ही ट्रे झाकला. तिला आणि तिच्या नवऱ्याला पडद्यावर दाखवून काय आहे ते सांगितलं. लघवी काढली, आणि कळ नसताना हाताने डोकं फिरवलं, पुढच्या दोन-तीन कळांना ते तिथेच धरून ठेवलं. सिस्टर पोटावर प्रोब धरून होती. डोळे पडद्यावरून सरकत गेलेले तिनेच आधी सांगितलं. तिला कुशीवर वळवलं, कळा कमी पडत होत्या म्हणून ड्रिप वाढवली. तासाभराने कोन 134, एचपीडी 31, हेड-अप. व्हॅक्यूम लागला नाही.

दर वेळी असं होत नाही. डोकं फिरत नाही, किंवा फिरून परत मागे जातं, आणि तासाभराने मापं तीच राहतात. तेव्हा सिझेरियनचा निर्णय लवकर आणि ठामपणे होतो, कुणी जास्तीचा खेचून बघण्याचा आग्रह धरत नाही. तिथेही मापं उपयोगी पडतात: डोकं कटीत किती रुतलंय आणि चेहरा कुठे आहे हे आधीच कळलं की खालून डोकं वर सरकवायला कोण उभं राहणार, बाळ पायांकडून काढायची वेळ येऊ शकते का, हे भूल देण्याआधीच बोलून घेता येतं.

व्हॅक्यूम लावायचा ठरलाच तर कपाचा मध्य मागच्या टाळूच्या सुमारे तीन सेंटिमीटर पुढे, मधल्या सांध्यावर यायला हवा. दिशा सोनोग्राफीने पक्की झाली असेल तर तो बिंदू शोधताना बोट नेमकं कुठे न्यायचं ते कळतं. पहिल्या ओढीला डोकं खाली आलं नाही तर पुन्हा विचार करा. तीन ओढींत डोकं पेरिनियमपर्यंत आलं नाही तर थांबा. ही मर्यादा कप लावण्याआधी मोठ्याने बोलून दाखवा, म्हणजे सिस्टरही मोजत राहते.

वेडंवाकडं दिसलं तर

डोकं नीट वाकलेलं नसलं की हनुवटी छातीपासून दूर दिसते, आणि पोस्टिरियर डोक्यात हे जास्त आढळतं. खालून उभा प्रोब लावल्यावर कवटीच्या गोलाईऐवजी कपाळ आणि डोळ्याची खोबण पुढे आली तर ते ब्राऊ. ते तसंच टिकून राहिलं तर पूर्ण दिवसांचं बाळ खालून येत नाही. चेहरा पुढे असेल तर हनुवटी कुठे आहे ते बघा: पुढे, सिम्फिसिसकडे असेल तर खालून होऊ शकतं, मागे राहिली तर नाही. आडव्या प्रोबने एकच डोळा दिसतोय आणि मधली रेघ मध्यावर नाही, तर डोकं एका कानाकडे कललंय, असिन्क्लिटिझम. अशा डोक्यावर व्हॅक्यूम सरळ बसत नाही.

जुळ्यांत पहिलं बाळ जन्मलं की प्रोब लगेच पोटावर. दुसरं डोक्याकडून आहे, पायाकडून आहे की आडवं, आणि ठोके किती, हे पाणमोट फोडायच्या आधी कळलं पाहिजे. मॉनिटरवर दिसणारे ठोके बाळाचे की आईचे अशी शंका आली तरीही एक नजर टाकली की शंका मिटते.

सराव आणि नोंद

अडलेल्या बाईवर शिकायला सुरुवात करू नका. सुरळीत कळा असलेल्या, समजावून सांगितल्यावर आनंदाने हो म्हणालेल्या बाईवर शिका, एका वेळी दोन मिनिटं. आधी बोटांनी तपासून दिशा आणि स्टेशन कागदावर लिहा, कागद सिस्टरकडे द्या, मग प्रोब लावा. आधी लिहिलं नाही तर पडदा बघितल्यावर "मला तसंच वाटलं होतं" असं प्रत्येकाला वाटतं. असं करत गेलं की बोटंही सुधारतात. माझे जे रेसिडेंट नियमित हे करतात त्यांची पी.व्ही. आधीपेक्षा अचूक झालेली मी बघितलीय.

केसपेपरवर इतकं आलंच पाहिजे: वेळ, कळ होती की नव्हती, ठोके, पोटावर लागणारे पंचमांश, ऑक्सिपुट किती वाजता, एओपी, एचपीडी, जोर लावल्यावर काय बदललं, कॅपुट आहे का, आणि त्यावरून काय ठरलं. पुन्हा कधी बघणार ती वेळही लिहा. रेषा आखलेली दोन चित्रं मशीनमध्ये जपून ठेवा, म्हणजे तुमची ड्युटी संपल्यावर येणाऱ्या डॉक्टरला पुढचं माप कशाशी ताडून बघायचं ते शोधावं लागणार नाही.